निकानोर सुतार नागडा धावला, त्याची गोष्ट

निकानोरची आणि माझी पहिली भेट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर झाली.

स्पेनमधल्या आमच्या पाम्प्लोना गावी, एस्ताफेता रस्त्यावर मी चष्म्याचं दुकान उघडलं त्या सकाळची गोष्ट. दाराबाहेर पहिलं पाऊल टाकलं आणि वरून एक तुळई आली. तिची लांबी मी आजवर वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सांगितली आहे, पण त्या क्षणी मला अगदी स्पष्ट जाणवलं की तिचं एक टोक माझ्या अंगठ्यावर आहे, दुसरं फ्रान्समध्ये आहे आणि तिथले जकातवाले ते तपासत आहेत. मी ओरडलो. पाम्प्लोनातली सगळी कबुतरं उडाली. त्यातली काही अजून परतलेली नाहीत. चर्चमध्ये चाललेला एक विवाह तिथेच थांबला आणि नवरीला विचार करायला वेळ मिळाल्यामुळे कायमचा थांबला. तेवढ्यात धुळीतून कपाटाएवढा एक माणूस धावत आला, गुडघे टेकून बसला आणि डोळ्यांत पाणी आणून अतिशय हळुवारपणे हात फिरवू लागला. तुळईवरून.

"नशीब! कुठे चीर गेली नाही," तो म्हणाला.

"आणि माझा अंगठा?"

"अंगठा तुमचा आहे. तुळई नगरपालिकेची आहे."

हा निकानोर इरिसार्री. जुलैच्या सणात आमच्या रस्त्यातून वळू आणि त्यांच्यापुढे माणसं धावतात, तेव्हा दोन्ही बाजूंना जे लाकडी कुंपण उभं राहतं, ते उभं करणाऱ्या सुतारांपैकी एक. प्रत्येक खांबाला नंबर, प्रत्येक फळीला नंबर, आणि हे सगळे नंबर त्याला पाठ. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस मात्र बायकोला विचारावा लागे.

त्याच दुपारी तो मला पाठीवर घेऊन त्याच्या मंडळात गेला. आमच्याकडे पुरुषांची जेवणाची मंडळं असतात. घरी ज्यांना अंडं उकडता येत नाही असे लोक तिथे एप्रन बांधून चार चार तास मासा शिजवतात आणि एकमेकांची तारीफ करतात. माझा पाय त्यांनी पालक धुवायच्या घमेल्यात बुडवला, मला खारवलेला मासा वाढला, आणि संध्याकाळपर्यंत मी सभासद झालो. त्या पालकाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

मंडळात जेवण झालं की पत्ते. खेळाचं नाव मुस. दोघांविरुद्ध दोघं, आणि जोडीदाराला चेहऱ्यानेच खुणा करून हातातली पानं कळवायची. खालचा ओठ चावला की दोन राजे, जिभेचं टोक दाखवलं की दोन एक्के. विरोधकाचं लक्ष नसताना, डोळ्याचं पातं लवायच्या आत. निकानोरचा जोडीदार बोनिफासियो ऊर्फ बोनी. सव्वीस वर्षं हे दोघे समोरासमोर बसले होते. इतकी वर्षं एकमेकांच्या तोंडाकडे इतक्या बारकाईने पाहणारं लग्न मी तरी पाहिलेलं नाही. निकानोरची दाढ दुखायची असली की त्याच्या आधी बोनीला कळायचं.

बोनी तरुणपणी वळूंपुढे धावायचा. मांडीवर शिंगाची खूण होती. दर सणाला तिसऱ्या पेल्यानंतर तो पँट खाली करून ती खूण दाखवी आणि आम्ही सगळे ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहत असू.

मग एके सकाळी ते झालं. वळणावर एक वळू घसरला, कुंपणावर आदळला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. बाकीचे वळू पुढे गेले, माणसं पुढे गेली. निकानोर एक उचकटलेली फळी ठोकायला आत उतरला होता, तो आणि वळू असे दोघेच उरले. वळूला न्यायला माणसं येईपर्यंत दहाएक मिनिटं गेली असतील. मी दुकानाच्या काचेतून पाहत होतो. निकानोर हातोडी खाली ठेवून बसला आणि वळूच्या नाकावर हात ठेवून राहिला. माझ्या अंगठ्याच्या वेळी गेला तसा हा हात चुकीच्या जागी गेला नाही.

त्या संध्याकाळी मंडळात बोनीने वळूच्या मटणाचा रस्सा केला होता. निकानोरने नुसता पाव खाल्ला. "दाढ दुखतेय," म्हणाला. बोनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाढ दुखत नव्हती हे त्याला कळलं, पण तो बोलला नाही. ती दाढ पुढे तीन वर्षं दुखत होती.

तिसऱ्या वर्षाअखेर निकानोरने कुंपणाचं काम सोडलं आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. दुसरं लिहिलं. तेही नाही. मग 'वळूला दुखतं' असा फलक घेऊन तो चौकात दिवसभर उभा राहिला. सहा जणांनी त्याला संडास कुठे आहे ते विचारलं आणि एका बाईंनी फलकामागे आपली पिशवी सावलीत ठेवली.

त्याच सुमारास परदेशातून येणाऱ्या मंडळींबद्दल त्याला कळलं. सण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, पाच जुलैला, ही माणसं वळूंच्या छळाचा निषेध म्हणून वळूंच्याच रस्त्यावरून कपडे काढून धावत. दोन-तीन वर्षं चाललं होतं. आम्ही दुकानाबाहेर खुर्च्या टाकून बघायचो, नाही म्हणत नाही. निकानोर त्यांच्या प्रमुख पोरीला भेटून आला. मारिट तिचं नाव, हॉलंडची.

"साठ वर्षं मी कपडे घालून बोललो," तो मला म्हणाला. "कोणी मान वर करून बघितलं? त्या पोरांचा फोटो जगभर छापून येतो."

"त्या पोरांचा येतो, कारण ती पोरं आहेत. तुझं पोट बघितलंयस का?"

"चांगलं आहे की. मोठं दिसेल फोटोत."

घरी त्याने प्रेसेनला सांगितलं. प्रेसेन त्याची बायको. ती त्या वेळी चादरींना इस्त्री करत होती, आणि तिने इस्त्री थांबवली नाही.

"नागडा?"

"हो."

"एस्ताफेतामधून?"

"हो."

"अरे, गेल्या महिन्यात डॉक्टरने सदरा काढ म्हटलं तर तू त्याला दिवा बारीक करायला सांगितलंस!"

"डॉक्टरला मला वळूबद्दल काही सांगायचं नव्हतं."

प्रेसेनने चादरीची घडी घातली. "पायाची नखं काप," ती म्हणाली. "शेजारणी बघतील."

मंडळात मात्र नखांवर भागलं नाही. शुक्रवारी पत्ते पिसता पिसता बोनीने विचारलं, "मी ऐकलं ते खरं?"

"खरं."

"कुंपण बांधणारा माणूस वळूंच्या धावेविरुद्ध? तेही लंगोटीशिवाय? लाज?"

"दर वर्षी जेवणाच्या टेबलावर पँट खाली करणारा तू, मला लाज विचारतोस?"

सगळे हसले. बोनी हसला नाही.

"ती वळूने दिलेली खूण आहे. मी तिचा मान ठेवतो."

"मीही वळूचाच मान ठेवतोय. ती फळी मी ठोकली होती बोनी. तो माझ्या फळीवर आपटला. आणि मदत मागायला माझ्याकडेच बघत होता."

बोनीने पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवला. "तू धावलास तर मंडळात तुझ्या नावावर मतदान मागणार मी. आज सगळ्यांसमोर सांगून ठेवतो."

मंडळातून नाव काढलेला माणूस पुन्हा आत येत नाही. निकानोरला दुसरं जग नव्हतं. सकाळी सुतारकाम, संध्याकाळी मंडळ, आणि आता सुतारकामही गेलेलं. घरी आल्यावर तो जेवला नाही असं प्रेसेनने मला सांगितलं. "पण नखं कापली त्याने," ती म्हणाली. म्हणजे ठरलं होतं.

पाच तारखेला कपडे बदलायला, म्हणजे काढायला, तो माझ्या दुकानात आला. मागच्या खोलीत डोळे तपासायचा तक्ता आहे. घाबरू नये म्हणून तो तक्त्यासमोर उभा राहून अक्षरं मोठ्याने वाचत एकेक कपडा काढत होता. सदरा काढला तेव्हा मोठ्या अक्षरांवर होता. शेवटच्या ओळीपर्यंत पोचला तेव्हा अंगावर काही नव्हतं. नजर उत्तम होती हेही सांगतो.

तेवढ्यात मारिट आत आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची शिंगं होती आणि एक लाल रुमाल.

"हे डोक्यावर," ती म्हणाली, "आणि हा गळ्यात बांधा."

निकानोरने शिंगं लावली. रुमालाकडे पाहून तो दोन पावलं मागे सरकला.

"हा नाही."

"का? सगळ्यांनी बांधलाय. आमचा वेश आहे हा. शिंगं आणि रुमाल."

"पोरी, आज पाच तारीख आहे."

"मग?"

निकानोरने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. सहा जुलैला दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या सज्ज्यातून अग्निबाण उडतो, तेव्हा लाल रुमाल गळ्यात बांधायचा. त्याआधी तो खिशात, फार तर मनगटावर. अकरा एकोणसाठला गळ्यात रुमाल घालणारा माणूस इथला नसतो, किंवा इथला असेल तर त्याच्या घरचे खाली मान घालून चालतात.

"उद्या बाराला बांधीन," निकानोर म्हणाला.

"काका, तुम्ही चड्डी काढलीत!" मारिट जवळजवळ रडायला आली. "चड्डी! आणि वीतभर कापड बांधायला लाजता?"

"चड्डी माझी आहे. ती कधी काढायची ते मी ठरवीन. रुमाल सगळ्या गावाचा आहे."

"पण फोटोत तुम्ही वेगळे दिसाल."

"मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, पोरी. वेगळा दिसणारच."

ती रुमाल घेऊन निघून गेली. निकानोरने खोल श्वास घेतला, पोट आत घेतलं, ते तिथे राहीना म्हणून सोडून दिलं, आणि बाहेर पडला.

शे-दीडशे माणसं होती. सगळी तरुण, सगळी सडपातळ, सगळ्यांच्या गळ्यात लाल रुमाल. आणि त्यांच्यात आमचा निकानोर, पांढराफटक, फक्त हात आणि मान उन्हाने रापलेली, त्यामुळे दुरून त्याने सदरा घातल्यासारखं वाटे. फलक छातीशी धरलेला. तोच, 'वळूला दुखतं'.

सज्ज्यांमधून शिट्ट्या सुरू झाल्या. शिट्ट्या नागडेपणाला नव्हत्या. "रुमाल काढा!" लोक ओरडत होते. "आज पाच तारीख आहे, गाढवांनो!" परदेशी पोरांना वाटलं, आपलं स्वागत चाललंय. ती हात हलवायला लागली.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी किंचाळली, "तो बघा! तो जाड्या! त्याचा गळा उघडा आहे! तो आपला आहे गं!"

सगळे सज्जे पुढे झुकले. शिट्ट्या थांबल्या. कोणीतरी विचारलं, "कोण आहे?" "निकानोर! कुंपणवाला!" "त्या फलकावर काय लिहिलंय?" आणि त्या रस्त्यावर त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी फलक वाचला. टाळ्या पडल्या नाहीत. पण वाचला. खाली कोपऱ्यावर बोनी उभा होता. निकानोर त्याच्यासमोरून धापा टाकत गेला. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. खूण कोणीच केली नाही.

वळणावर कुंपणाची एक फळी ढिली दिसली. निकानोर थांबला, फलक काखेत मारला आणि टाचेने दोन दणके घालून फळी बसवली. तोच फोटो छापून आला, पाठमोरा. प्रेसेनने तो कापून ठेवला आहे, पण पाहुण्यांना दाखवत नाही.

सण संपल्यावरच्या शुक्रवारी मंडळात मतदान झालं. बावीस सभासद होते. पांढरी शेंगदाण्याएवढी घेवड्याची बी टाकली तर माणूस राहिला, काळी टाकली तर गेला. आमचे चिटणीस लेआंद्रो यांनी नियमांची वही उघडली.

"नागडं धावण्याबद्दल नियम नाही. नियम अकरा, स्वयंपाकघरात एप्रनशिवाय येऊ नये. पण तो स्वयंपाकघरात नव्हता."

"गावाची अब्रू घालवली!" कोणीतरी म्हणालं. "सणाच्या तोंडावर!"

लेआंद्रोंनी चष्मा काढला. "मला एकच सांगा. रुमाल होता?"

निकानोर मान खाली घालून बसला होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात बोनी उभा राहिला.

"नव्हता," तो म्हणाला. "मी तिथे होतो. गळा उघडा होता."

"नीट पाहिलंस?"

"तीन हातांवरून. गळ्याकडेच बघत होतो. दुसरीकडे कुठे बघणार?"

तेरा पांढऱ्या बिया निघाल्या, आठ काळ्या आणि एक हरभरा. हरभरा कोणाचा ते कळलं नाही, लेआंद्रोंनी तो पांढऱ्यांत धरला. निकानोर उठला, भिंतीकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिला आणि मग सगळ्यांसाठी वाटाण्याची आमटी करायला आत गेला. एप्रन बांधून.

जेवण झाल्यावर पत्ते निघाले. निकानोर नेहमीच्या जागी बसला. बोनीने समोरची खुर्ची उचलली आणि पलीकडच्या टेबलाशी नेऊन ठेवली.

"तू खरं बोललास बोनी," निकानोर म्हणाला. "मग आता काय झालं?"

"मी खरं बोललो. पण काळ्या बियांतली एक माझी होती." तो बसला. "तीन वर्षं तू माझ्यासमोर दाढ दुखतेय म्हणालास. आता तुझ्या तोंडावरचं काही मी खरं धरू शकत नाही, निकानोर. असं खेळता येत नाही."

निकानोर हातात पत्ते असल्यासारखा ते जुळवत राहिला, जरी ते अजून वाटले नव्हते.

याला अकरा वर्षं झाली. वळू दर जुलैला धावतात. बोनी एका टायरवाल्याबरोबर खेळतो. निकानोरचा जोडीदार मी आहे. यंदाच्या स्पर्धेत सोळा जोड्यांत आम्ही पंधरावे आलो.