इयत्ता दुसरी, गट पहिला

मला 'ग्रुप' हा शब्द आवडत नाही. मराठी शाळेत शिकवायचं, पगार मराठी शिकवण्याचा घ्यायचा आणि पालकांना मात्र 'ग्रुपवर सेंड करा' म्हणायचं, हे मला पटत नाही. साथीमुळे शाळा बंद पडल्या आणि मुलांचा अभ्यास पालकांच्या फोनवर पाठवायची वेळ आली, तेव्हा शाळेतल्या बाकीच्यांनी 'पेरेंट्स ग्रुप' काढले. मी काढला 'पालक गट'. त्या एका शब्दानं गावात काय घोळ घातलाय, हे मला तीन महिने कळलं नाही. कळलं तेव्हा मी स्वतःवर जेवढी चिडले तेवढी कुणावर चिडले नसेन, आणि चिडण्यात मी काही कमी नाही.

गाव बिद्रीच्या वाटेवरचं, चहूबाजूंनी ऊस. मी कोल्हापुरातून गाडीवरून जायची. पहिलीपासून माझ्याकडे असलेली एकवीस मुलं आता दुसरीत गेली होती, म्हणजे कागदावर गेली होती. प्रत्यक्षात ती घरी होती आणि मी माझ्या स्वयंपाकघरात, फळा कुकरच्या शेल्फाला टेकवून.

रोज सकाळी दहाला मी बोललेला निरोप टाकायची: आज कुठला धडा, वहीत काय लिहायचं, फोटो कधीपर्यंत पाठवायचा. पण निम्मे फोन वडिलांच्या खिशातून कामावर जायचे आणि संध्याकाळी सातला घरी यायचे. तोवर माझ्या धड्यावर गुलाबाची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी म्हशीच्या विक्रीची जाहिरात येऊन पडलेली असायची. मग मी डोकं चालवलं. फोन दिवसा घरी असतो त्यांचा एक गट, संध्याकाळी येतो त्यांचा दुसरा. नावं दिली 'इयत्ता दुसरी, गट पहिला' आणि 'इयत्ता दुसरी, गट दुसरा'. मला इतका आनंद झाला की मी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं. तेही छान म्हणाले. ते साताऱ्याकडचे.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या गटातून एक आजोबा बाहेर पडले.

त्यांची नात माझ्या वर्गातली. आईबाप इचलकरंजीला मागावर कामाला, पोरगी आजी-आजोबांकडे. शाळा बंद झाली त्या आठवड्यात ती अक्षरं ओळखायची, पण सुटी सुटी. अक्षराला अक्षर जोडून शब्द होतो हे तिला नुकतं कुठं दिसू लागलं होतं. पहिली-दुसरी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हे आठ-पंधरा दिवस फार नाजूक असतात. तेव्हा हात सुटला तर मूल परत मागं जातं, आणि मग वाचनाची त्याला भीतीच बसते. घरात वाचून दाखवणारं कुणी नाही, फोन फक्त आजोबांचा. त्यामुळे एकविसांत माझा जीव या एका पोरीत जास्त अडकला होता.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं बोट चुकून लागलं असेल. मी त्यांना परत घेतलं. ते परत बाहेर. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्यांचाच फोन आला.

"बाई, मला त्या गटात सारखं सारखं वडू नका."

"अहो आजोबा, नातीचा अभ्यास येतो त्यावर."

"अभ्यासाला न्हाय म्हटलंय व्हय मी? अभ्यास पाठवा की. गटात घेऊ नका."

"गटात घेतल्याशिवाय कसा पाठवू?"

"ते तुमी बघा. चाळीस वर्सं एका जागी हाय मी. या वयात लोकास्नी हसायला जागा करू नका."

आणि फोन ठेवला. मी कुकरच्या शेल्फाकडे बघत बसले. दुसरीच्या गणितात हसण्यासारखं काय आहे? त्यांच्या एकट्याच्या फोनवर वेगळा अभ्यास पाठवता आला असता. पण तेव्हा मी ताठ होते. एकाला वेगळं पाठवलं की उद्या वीस जण मागतील, नियम म्हणजे नियम. येतील झक मारत, असं मी मनात म्हणाले. आज ते आठवलं की लाज वाटते.

ते काही आले नाहीत. उलट आणखी तिघं बाहेर पडले, आणि दुसऱ्या गटातल्या एका वडिलांचा फोन आला. "बाई, आमचं नाव चुकून तिकडं पडलंय. आमी आज्ज्यापास्नं हिकडलं." मी म्हटलं, तुमचा फोन संध्याकाळी घरी येतो म्हणून. "फोनचा काय संबंध?" ते म्हणाले. मलाही तेच विचारायचं होतं, की मग कशाचा संबंध?

रात्रभर विचार करून मी असा निष्कर्ष काढला की 'दुसरा' म्हणजे खालचा, असं लोकांना वाटत असावं. सकाळी मी दोन्हीकडे लेखी निरोप टाकला: 'दोन्ही गट समान आहेत. कोणताही गट मोठा नाही, कोणताही लहान नाही. कृपया गैरसमज नसावा.' पुढे हात जोडलेलं चित्र. हा निरोप म्हणे तासाभरात गावभर फिरला. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती हे मला ठाऊक होतं, पण त्याचा आणि माझा संबंध असेल असं मनातही आलं नाही. शाळेत दाखले द्यायला गेले तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या एकानं मला विचारलं, "बाई, तुमी नेमक्या कुठल्या गटाच्या?"

"मी दोन्ही गटांची," मी अभिमानानं सांगितलं.

त्यानं माझ्यासाठी फाटक उघडून धरलं. मग म्हणाला, "भारी हाय तुमचं."

असा एकेक दिवस जात होता. मी निरोप जास्त नम्र केले, मग जास्त कडक केले, मग परत नम्र. आजोबांची नात कुठंच नव्हती. आणि त्यातच आणखी एक कोडं सुरू झालं. त्यांच्या घराला लागून घर असलेली एक मुलगी, या नातीची मैत्रीण, पहिल्या गटात होती. तिची आई रोज वहीचा फोटो पाठवायची. पानाचा वरचा अर्धा भाग कोंबडीनं पाय उमटवल्यासारखा, आणि खालचा अर्धा गोल, जपून काढलेल्या अक्षरांचा. रोज तसंच. ही दोन अक्षरं एका हातची नाहीत, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला वाटलं, आई लिहून देते. मग वाटलं, आईचं अक्षर असं शिरोरेषा पुन्हा गिरवून काढल्यासारखं नसतं, मोठ्या बहिणीचं असेल. बहीण नव्हतीच तिला. मी फोन करून विचारलं तर आई "व्हय, न्हाय, बघतो" करून बोलणं तोडायची.

एके दिवशी माझा पारा चढला. मी तिचं नाव न घेता पहिल्या गटावर बोललेला निरोप टाकला. अजून पाठ आहे मला तो. "ज्याचा अभ्यास त्यानंच करायचा. दुसऱ्याच्या वहीला जो हात लावेल, त्याला शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात बसू देणार नाही." पालकांना ऐकवायचं होतं, पण आवाज मी मुलांसाठी ठेवलेला काढला.

त्या आईनं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवसापासून फोटोत अर्धंच पान येऊ लागलं, वरचं, कोंबडीच्या पायाचं. मला बरं वाटलं. दम दिला की कशी वठणीवर येतात माणसं, असं मी घरात बोलूनही दाखवलं.

दोन-तीन आठवड्यांनी शाळेत पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ वाटायला आम्ही बसलो. पालक अंतर ठेवून रांगेत. ती मैत्रिणीची आई आली, पिशवी भरून घेतली, पण जागची हलेना. मागचं माणूस लांब आहे असं बघून ती हळूच म्हणाली, "बाई, रागावणार नसला तर सांगतो. ते खालचं अर्धं पान पलीकडच्या पोरीचं हुतं."

"कुठल्या?"

"आजोबांच्या नातीचं. गोठ्यातनं यायची आमच्यात. तुमचा आवाज लावला की दोघी शेणकुटाच्या ढिगावर बसून ऐकायच्या. एकच वही, म्हणून निम्मी निम्मी."

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. "मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"कुठं सांगू? गटात? सगळ्या गावाला दिसलं असतं की. ते त्या गटाचं, आमी ह्या गटाचं. त्यांची पोरगी आमच्यात येती म्हटल्यावर त्यांच्यात भांडाण आणि आमच्यात बी. त्यात तुमी म्हाताऱ्याचं नाव सगळ्यांसमोर आमच्या गटात घातलासा. एवढा कट्टर माणूस. लोकं म्हणाली, फुटला म्हातारा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गट! आमच्या जिल्ह्यात दूध कुठल्या संस्थेला घालायचं, ऊस कुठल्या कारखान्याला जायचा, कुणाच्या लग्नात जेवायचं आणि कुणाच्या मयताला जाऊन लगेच परतायचं, हे सगळं गटावर ठरतं. मी कोल्हापुरात पेठेत वाढलेली. गट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण शाळेच्या कागदांत आमचे गट निराळे, गटकार्य, गटचर्चा, आणि मी त्या कागदांतली होऊन बसले होते. पहिल्या गटात योगायोगानं बहुतेक सगळी एका बाजूची घरं पडली होती, आणि त्यांच्यात दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जुना माणूस मी तीनदा ओढून आणला होता. वर 'मी दोन्ही गटांची' म्हणून सांगितलं होतं. हसू यायला हवं होतं, पण मला त्या खालच्या अर्ध्या पानाशिवाय काही दिसेना.

वाटप संपल्यावर मी तशीच आजोबांच्या घरी गेले. ते अंगणात दावं वळत बसले होते. मी सगळं सांगितलं, शब्द चुकला, माझा तसा अर्थ नव्हता, माफ करा. त्यांनी ऐकून घेतलं.

"शब्दाचं जाऊ दे," ते म्हणाले. "पोरगी तिकडं जात हुती ते ठावं हुतं मला."

"ठाऊक होतं?"

"तुमचा आवाज काय हळू हाय व्हय? भिंतीच्या हिकडं सगळं ऐकू यायचं. मी बघितलंच न्हाय असं करत हुतो. चाललं हुतं पोरीचं. तुमीच बंद केलासा."

मी म्हटलं, आता तुम्हाला गटाबिटात काही घेत नाही, तुमच्या फोनवर एकट्याला पाठवते. ते म्हणाले, "पाठवा. पर ती एकटी न्हाय बसायची. जाऊ दे तिकडंच. मी आपला बघत न्हाय."

नात चौकटीला धरून उभी होती. एवढ्या महिन्यांत उंच झाली होती. मी पिशवीतनं माझं पुस्तक काढलं आणि म्हटलं, ये, वाचू या. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"का गं?"

"तुमचं हाय ते."

"मग काय झालं?"

"दुसऱ्याच्याला हात लावला तर वर्गात बसू देणार न्हाय म्हटलासा." आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं ती पुढं म्हणाली, "मी बसतो की वर्गात, बाई. मी परत न्हाय लावला हात."

मी खाली बसले. सांगितलं तिला, की ते तुला नव्हतं, बाईंचं चुकलं, तू वर्गात बसणारच आहेस, अगदी पुढं बसणार आहेस. तिनं माझं तोंड बघून घेतलं. पटलं नव्हतं.

"तसं न्हाय," ती म्हणाली. "फोनातनं सांगा."

तिचंही बरोबर होतं. ते फोनातनं आलं होतं, तर जायलाही फोनातनंच पाहिजे. मी अंगणातच फोन काढला. तीनदा बोलून तीनदा पुसलं. शेवटी एवढंच म्हटलं, "मुलांनो, मागं एकदा बाई रागानं चुकीचं बोलल्या. मैत्रिणीच्या वहीत लिहिलं तर चालतं. दोघींनी मिळून अभ्यास केला तर बाईंना आवडतं. कुणालाही वर्गाबाहेर काढणार नाही." आणि दोन्हीकडे पाठवून दिलं, गाव काय म्हणायचं ते म्हणो.

जरा वेळानं गोठ्याच्या भिंतीपलीकडून माझा आवाज आला. पोरगी माझ्याकडे पाठ करून तिकडं कान देऊन उभी राहिली. संपला तेव्हा पलीकडून परत पहिल्यापासून लागला. तेही तिनं सगळं ऐकलं. मग वळून मला म्हणाली, "म्हंजे खालचं अर्धं पान परत माझं व्हय, बाई?"

मी हो म्हटलं. तुझं सगळं पान आहे, तुझी सबंध वही आहे, असं म्हणायला हवं होतं, ते मला गावाच्या कमानीबाहेर आल्यावर सुचलं.