शाईनं काढलेल्या झोपड्या

कलकत्त्याच्या नियोजन कार्यालयात मी पारदर्शक कागदांवरचे नकाशे एकावर एक ठेवून शहर वाचायला शिकत होते. तिथली रीत अशी, की पक्की घरं शाईनं काढायची, झोपड्या पेन्सिलीनं. छापताना पेन्सिल उमटत नसे, आणि त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेतून रस्ता आखला जाई. मी तळ्याकाठच्या झोपड्या शाईनं काढल्या.

आमचे मराठी साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या घरात कुणी नकाशा पाहिला होता का कधी?"

"नाही साहेब. कॉलेजात गेलेली मीच पहिली."

"मग शिका. ब्लेडनं खरवडून टाका ते."

"मी नाही खरवडणार. तुम्ही खरवडा, आणि खाली सही करा."

त्यांनी ब्लेड उचललं नाही. रस्त्याचा कागद वर ठेवला, तेव्हा रेघ घरांवरून जाताना सगळ्यांना दिसली. तिथं कुणी राहत नाही, असं आता म्हणता येणार नव्हतं.