टॉवेलाखालचा हात

मोहोर आला की शाहूपुरीतला तो आंब्याचा व्यापारी मलकापूरला आमच्या बागेत हजर. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला पावणं म्हणायचा, मी त्याला. बूड टेकणं त्याला ठाऊकच नव्हतं. चहाचा कप घेऊन झाडांभोवती फिरायचा, मोहोर तळव्यावर चोळून हुंगायचा. "फळ बघून कोनबी घेतंय की!" म्हणायचा. मग खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकून, त्याखाली माझी बोटं दाबून अख्ख्या बागेचा भाव सांगायचा. त्यावर आमचं वर्ष निघायचं.

गेली दोन वर्षं थंडी पडलीच नाही. माघात ढग आले आणि त्यानं घेतलेला मोहोर काळा पडून गळला.

यंदा झाडं मोहोरानं वाकली होती, पण तो आभाळाकडंच बघत होता. टॉवेलाखाली त्याची बोटं माझं एक बोट धरायची, सोडायची, दुसरं चाचपायची.

"बोला की!" मी वैतागलो.

"काय बोलू, पावणं? मोहोर कळतोय. हवा कळंना झालीया."

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि वाटेला लागला. माझा हात तसाच पुढं राहिला.