सफाईची कमांड आणि एकेचाळीस सातबारे

दारव्ह्यात टायरच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, एक कूलर आणि नीळकंठभाऊ. भाऊ आधी जिनिंगमध्ये फिटर होते, चाळिशीत कोडिंग शिकले. मशीन पूर्ण खोलून जोडल्याशिवाय माणूस शिकत नाही, हे मत तिथूनच आणलेलं. म्हणून नव्या माणसाला ते पहिल्याच आठवड्यात 'सफाई' शिकवतात. ही कमांड दिली की ॲपची जुनी बांधणी पुसली जाते आणि ॲप पहिल्यापासून बांधलं जातं. नव्यांच्या हातात ही देऊच नका, हे भागीदार चारुदत्तदादांचं रोजचं टुमणं.

शेतकऱ्यांची कापूस विक्रीची नोंदणी आमच्या ॲपवर होते, तिचा तो शेवटचा दिवस. यादी पाचला खरेदी केंद्राकडे जाणार. तीत नाव नसेल त्याचा कापूस घरातच. दुपारी दोनला घाटंजीच्या राखीनं, पंधरा दिवसांच्या नोकरीत, शिकवल्याबरहुकूम सफाई केली. ॲप नवं झालं, पण एकेचाळीस शेतकऱ्यांचे सातबारे गेले. नावं आणि फोन नंबर तेवढे वाचले.

दादा हळू बोलले की जास्त भीती वाटते. नव्यांची सफाई आजपासून बंद, आणि राखीनं उद्या येऊ नये, असं ते हळूच म्हणाले. राखी डबा पिशवीत भरू लागली. मी कूलरचं पाणी तपासलं. अशा वेळी मी फार कामाचा असतो.

भाऊंनी चष्मा काढला. "सातबारे जुन्या बांधणीच्या फोल्डरात म्या ठेवले होते. दोन दिवसासाठी म्हणून. तिले कायले काढून राह्यला?"

"कमांड तिनं दिली."

"उद्या म्या दिली असती. मंग कोणाले काढलं असतं?"

दादांनी घड्याळाकडे बोट केलं. पाचच्या आत एकेचाळीस भरले तर पोरगीही राहील आणि कमांडही.

भाऊ फोनला बसले. आधी चूक माझी म्हणायचे, मग सातबाऱ्याचा फोटो मागायचे. कोणी शिव्या दिल्या, कोणी वेचणी सोडून घरी गेला. राखी येईल तो फोटो चढवत होती. पावणेपाचला एकच उरला, तांड्यावरचे धावजी. त्यांचा फोन बंद. भाऊंनी तिथल्या किराणा दुकानात फोन लावून माणूस पाठवला. चार सत्तावन्नला फोटो आला, निम्मा अंगठ्याखाली. पुन्हा मागवला. चार एकोणसाठला यादी गेली.

सफाई राहिली. राखीनं तिच्यात भर घातली: काय काय पुसलं जाईल ते आधी दिसतं, 'हो' लिहिल्याशिवाय काही हलत नाही. दुसऱ्या दिवशी काय पुसलं जाणार ती यादी वाचून भाऊच थबकले. त्यांचं आणखी एक फोल्डर तीत होतं. गुपचूप हलवलं त्यांनी. मी कूलर तपासत होतो, म्हणून दिसलं.