टाकी धुतली त्या दिवशीचं पाणी

बी विंगमधल्या समस्त रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चौथ्या मजल्यावरचा समुद्र अण्णांच्या विसराळूपणाने मेला नसून तो सेक्रेटरीने मारला आहे. कृपया नोंद घ्यावी.

ही नोटीस मी लावली नाही. तिच्यातला मजकूर आजपर्यंत कोणाला तोंडीही सांगितलेला नाही — बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवा होता त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मीच, आणि माझ्या नोटिसा वाचायला लोक लिफ्ट सोडून थांबतात. कचऱ्याचे डबे, पार्किंग, गच्चीवरचे पापड — विषय कोणताही द्या, मी त्यात रंग भरतो. फक्त याच एका विषयात मी रंग जास्त भरला. पण ते नंतर.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि स्मिताने त्यांना वेंगुर्ल्याहून आमच्याकडे आणलं. माणूस दिवसभर खिडकीत बसायचा. खिडकीतून दिसायची समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. एके दिवशी स्मिताने जेवताना विचारलं, "अण्णा, तुम्हाला इथे काय हवंय?" अण्णा म्हणाले, "दर्या." तिने तो आणला. चार फुटी काचेची पेटी, त्यात खाऱ्या पाण्यातले मासे. दोन नारंगी-पांढरे, ते नवरा-बायको. एक पिवळाधमक, सगळ्यांना ढुशा देत फिरणारा, तो सरपंच. नावं अर्थातच अण्णांनी ठेवलेली. स्वयंपाकघरात बांगडे तळले जात असताना अण्णा पेटीसमोर खुर्ची अशी लावायचे की सरपंचाला स्वयंपाकघर दिसू नये. मी विचारलं तर म्हणाले, "पावण्यांदेखत असला काय करूचा नाय."

आता पाण्याचं सांगतो. कारण सगळं पाण्यातच आहे.

आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो चालतो, माशांना तो विष. म्हणून दर शनिवारी सकाळी अण्णा नळाचं पाणी एका निळ्या पिंपात भरायचे. त्यात हवेचा पंप सोडायचे. रात्रभर बुडबुडे. रविवारी सकाळी आधी पाण्याचा वास घ्यायचे, मग उरलासुरला क्लोरीन मारायला बाटलीतल्या औषधाचे थेंब, मग समुद्राचं मीठ — आपलं जेवणातलं नव्हे, वेगळं मिळतं — आणि काचेची एक तरंगती नळी पाण्यात सोडून खारटपणा बघायचा. तो जमला की पेटीतलं थोडं जुनं पाणी काढून हे नवं हळूहळू ओतायचं. घाई केलेली त्यांना खपायची नाही. "पाणी मुरूक व्हया," म्हणायचे. लोणच्यासारखं. मी या वाक्याची नक्कल छान करायचो.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, जड काही उचलायचं नाही. पिंप भरायचं काम माझ्याकडे आलं. काम तरी केवढं? नळाला पाइप लावायचा आणि उभं राहायचं.

त्या शनिवारी सोसायटीची टाकी धुवायची होती. वर्षातून दोनदा धुतो आम्ही. नोटीस मीच लिहिली होती — टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली जाईल, रविवारी दुपारपर्यंत ते पाणी पिऊ नये, स्वयंपाकात वापरू नये. खाली एक चारोळीही जोडली होती. लोकांनी तिचे फोटो काढले. स्मिताने सकाळीच हंडे-कळश्या भरून ठेवल्या. अण्णांना नोटीस वाचता येत नव्हती, पण टाकी धुणार हे त्यांना कळलं होतं. ते मला म्हणाले, "जावईबापू, धुवच्या आधी पिंप भरा हां." मी म्हणालो, "भरलंच समजा."

आणि खाली गेलो. टाकी धुणारी माणसं आली होती, बाया-पुरुष जमले होते, आणि जमलेली माणसं दिसली की मला राहवत नाही. मी टाकीतून आजवर काय काय निघालं याच्या कथा रचून सांगत बसलो. लोक हसत होते. पिंप कोरडं राहिलं. संध्याकाळी अण्णांनी झोपल्या जागेवरून विचारलं, "भरलात मां?" मी म्हणालो, "हो." पंप रिकाम्या पिंपात सोडून चालू केला. नुसती घरघर. त्यांना आवाज आला, समाधान झालं.

रविवारी सकाळी स्मिता भाजी आणायला गेली, अण्णा आंघोळीला गेले, आणि मी नळ सोडला. त्या पाण्याला वास होता. पोहण्याच्या तलावाचा असतो तसा, त्याहून उग्र. मला तो आला. नोटीस माझी होती. 'पिऊ नये' हे शब्द माझे होते. पाणी आठवडाभर बदललं नसतं तरी काही बिघडलं नसतं, हेही मला ठाऊक होतं. फक्त एवढंच म्हणायला हवं होतं — अण्णा, मी विसरलो. किती जड आहे हे वाक्य? तीन शब्द. अण्णांनी एक शिवी दिली असती, मालवणी, बऱ्यापैकी मोठी, आणि संपलं असतं.

अण्णा आले. वाकून वास घेतला. नाक वर केलं.

"वास येता."

"फिनाइलचा, अण्णा. आत्ताच लादी पुसली."

ते परत वाकले. परत हुंगलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या नाकावर ठेवला नाही. मग त्यांनी थेंब घातले — उघडा डोळा बाटलीजवळ नेऊन, ओठांनी मोजत, नेहमीइतकेच. नेहमीइतके थेंब मुरलेल्या पाण्याला पुरायचे. या पाण्याला कसे पुरणार? मी बघत होतो. मीठ मी ढवळलं. पेटीत पाणी मी ओतलं. हळूहळू, अगदी त्यांच्या पद्धतीने.

तासाभरात मासे वर आले. तोंडं पाण्याबाहेर काढून, कल्ले फडफडत. सरपंच आधी आडवा झाला. मग नवरा, मग बायको, किंवा उलट. मला त्यांच्यातला फरक कधी कळला नाही.

अण्णांनी काचेवर तळहात ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "मी थेंब घातलंय मां?"

इथे मी तुमच्यासमोर थांबतो. कारण इथवर जे झालं तो आळस होता, थाप होती — असल्या गोष्टी माणसांच्या हातून होतात. पुढची झाली नाही. पुढची मी केली.

मी म्हणालो, "नाही अण्णा. तुम्ही बाटली उचललीत, आणि तशीच खाली ठेवलीत. मला वाटलं, आधीच घातले असतील."

स्मिता भाजीची पिशवी घेऊन दारातच उभी होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा बदलला. त्या वेळी मला काय वाटलं, हे मी आठवून बघतो. काही वाटलं नाही. सुटल्यासारखंही नाही. भूक लागली होती, एवढं आठवतं.

त्यानंतर सगळं आपोआप झालं. अण्णा विसरायला लागलेत, असं घरात ठरलं. त्यांच्याकडची किल्ली स्मिताने काढून घेतली. एकट्याने बाजारात जाणं बंद. औषधाच्या गोळ्या ती हातावर ठेवायला लागली. पट्टी निघाली, डोळा उत्तम झाला, डॉक्टर म्हणाले, आता सुईत दोरा ओवा. पण अण्णा काहीही करायच्या आधी बघायला लागले — आमच्या तोंडाकडे. नळ बंद केला की परत जाऊन हात लावून बघायचे. तुम्ही त्यांची नक्कल करायला सांगितलीत, तर मी हुबेहूब करून दाखवीन.

केलीच. रंग भरला म्हणालो ना मघाशी, तो हा. 'अण्णांचा समुद्र' हा माझा सोसायटीतला गाजलेला किस्सा आहे. कोजागरीला गच्चीवर दूध उकळत असताना फर्माईश येते. मी बाटली उचलतो, एक डोळा मिटतो, ओठांनी मोजतो, बाटली परत ठेवतो. लोक पोट धरून हसतात. अण्णा पहिल्या रांगेत, शाल घेऊन. तेही हसतात. मीठ कुठलं, हा तपशील मी एकदा चुकलो तर त्यांनीच दुरुस्त केला.

पेटी अजून आहे. तिच्यात आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा ठेवतो.

मागच्या महिन्यात मला ताप आला. स्मिता ऑफिसात, घरी आम्ही दोघंच. अण्णांचा चहा एके काळी नावाजलेला होता — आलं ठेचून, गवती चहा घालून, उकळून उकळून. मी पलंगावरून हाक मारली. म्हटलं, अण्णा, घोटभर चहा टाका ना. ते उठले. स्वयंपाकघरात गेल्याचा आवाज आला, पातेल्याचा आला, पाण्याचा आला. आल्याचा वासही आला. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मी अंगावर पांघरूण ओढून उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. ओट्यावर सगळं मांडलेलं होतं. अण्णा शेगडीपासून हातभर लांब उभे होते. त्यांनी लायटर माझ्यापुढे धरला.

"गॅस तुम्हीच पेटवा, जावईबापू. माझ्या हातान परत कोण मरूक नको."