कारंज्याहून आणलेले आयर्न

गोल्फचा नाद मला पुण्यात लागला, नोकरीच्या काळात. कंपनीजवळ सरावाचं मैदान होतं, संध्याकाळी तिथे भाड्याने काठ्या मिळायच्या. पुढे नोकरी सोडून मी परत आलो आणि किन्हीराजाजवळच्या आमच्या शेतात मोठ्या भावाबरोबर भाजीपाला करू लागलो, पण नाद काही सुटला नाही. हरभरा निघाला की मोकळ्या वावरात मी बॉल मारत बसायचो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून महिन्यातला एखाद-दुसरा रविवार नागपूरला जाऊन खेळून यायचो. भाऊ बांधावरून ओरडायचा, "अबे, काठ्या कायले फिरवून राह्यला? त्यापेक्षा वांगे तोड!"

गेल्या वर्षी माझा खेळ सुधारला, आणि सुधारला म्हणूनच अडचण झाली. शिकाऊ असताना घेतलेला स्वस्त सेट आता साथ देईना. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, नंबर बदलला की अंतर बदलायला हवं. पण सात नंबरचा आयर्न आणि सहा नंबरचा आयर्न, दोन्हीने बॉल तेवढ्याच अंतरावर पडायचा. जोर लावला की शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, वेतासारखा वाकायचा आणि बॉल भलतीकडेच जायचा. नव्या आयर्नच्या किमती पाहून मोबाइल खाली ठेवावा लागायचा. म्हणून जुना सेट शोधू लागलो. एक सापडला तो माझ्याहून बऱ्याच उंच माणसाच्या मापाचा. दुसऱ्याच्या मुठीवरच्या रबरी ग्रिप टक्कल पडल्यासारख्या गुळगुळीत झालेल्या. तिसरा दिसायला देखणा, पातळ पात्यांचा, पण ती पाती मुरलेल्या खेळाडूची. बॉल बरोबर मधोमध लागला तरच ती ऐकतात, जरा चुकलं की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात.

आणि मग एक दिवस जाहिरात दिसली ती थेट कारंजा लाडची. मी दोनदा वाचली. कापूस, धान्य आणि मंदिरांच्या त्या गावात गोल्फ खेळणारा कोणी असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. किंमत इतकी कमी होती की फसवणूक वाटली. तरी फोन लावला.

"सेट हाय काय अजून?"

"हाय. आजच ये. उद्या नको."

आवाज शांत होता. मी बाजाराची फेरी भावाच्या गळ्यात मारून लगेच निघालो.

घर गावाबाहेर होतं, नव्या वस्तीत. मालक पन्नाशीचा, माझ्याच उंचीचा, नुकतीच दाढी केलेला, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला. घराण्याचा जुना धान्याचा व्यापार, तो आता चुलत भाऊ पाहायचे. हा बरीच वर्षं बाहेरगावी नोकरी करून परतलेला, एकटा राहणारा. एवढं त्याने दारातच सांगून टाकलं, जणू मी विचारण्याआधी ते संपवायचं होतं.

आत गेलो तर घर रिकामं. फरशी नुकतीच पुसलेली. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. कपड्यांची गाठोडी दाराशी नीट रचून ठेवलेली. मार्चची दुपार होती, पण पंखासुद्धा बंद.

"घर बदलून राह्यले काय तुमी?"

"जाऊन राह्यलो."

"पुण्याले?"

तो हसला. "पाणी घेशील?" म्हणाला. स्वयंपाकघरातून त्याने स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. मी पिऊन झाल्यावर पेला धुऊन, पुसून, पालथा ठेवला. ओट्यावर दुसरं एकही भांडं दिसत नव्हतं.

मागच्या मोकळ्या जागेत त्याने जाळी बांधली होती. तिथे दोन सेट मांडलेले. एक पातळ चकचकीत पात्यांचा, दुसरा रुंद बुडाचा, मागून पोकळ. माझा हात अर्थातच चकचकीत सेटकडे गेला. त्याने अडवलं नाही. मी चार-पाच बॉल मारले. तो डोळे मिटून आवाज ऐकत होता.

"आता हा घे," तो म्हणाला आणि पोकळ पाठीचा सात नंबर माझ्या हातात दिला.

त्या काठीने मी मारल्यावर लक्षात आलं. बॉल पात्याच्या टाचेकडे, दांड्याजवळ लागला तरी जाळीच्या मधोमध गेला, हाताला झटका नाही.

"तू सुधारून राह्यला, म्हणूनच तुले हा पाह्यजे. तो पातळवाला चांगल्या दिवशी लाड करतो अन् वाईट दिवशी मारून टाकतो. माणसानं वाईट दिवसासाठी काठी घ्यावी."

हे मला फार पटलं. मग मी किमतीचा विषय काढला, तर घासाघीस उलटीच सुरू झाली. मी जाहिरातीतली रक्कम म्हटली, त्याने ती स्वतःच अर्धी केली. मी मान डोलावली, तसे त्याने वर हातमोजे टाकले, बॉलची पिशवी टाकली, मग बॅगच देऊन टाकली. शेवटी आतून पटर आणला, बॉल हलकेच खळग्यात ढकलायची काठी. त्याच्या ग्रिपवर अंगठ्याची जागा झिजून खोलगट झाली होती.

"हा बी ठेव."

मी चपापलो. गोल्फ खेळणारा माणूस सगळं बदलतो, पण हातात बसलेला पटर सहसा कोणाला देत नाही. पण मला तेव्हा लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. मी घेतला.

बॅग गाडीत ठेवताना फाटकाजवळ बांधलेला तांबूस कुत्रा दिसला. शेजारी त्याच्या खाण्याचं पोतं, वाटी आणि साखळी.

"तुह्या शेतात जागा असंल. याले नेतो काय?"

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

"लवकर सांगजो," तो म्हणाला. कुत्र्याकडे त्याने पाहिलं नाही.

परतताना शेलूबाजारला चहाला थांबलो. खरं तर चहा निमित्त होतं, मला डिकी उघडून आयर्न पुन्हा पाहायचे होते. एकेक काढून उन्हात धरला. मग बॅगेचे कप्पे चाचपले. एका कप्प्यात चष्मा सापडला. सकाळी वर्तमानपत्र वाचायला लागतो तसला, रोजचा, काचेवर बोटाचा ठसा असलेला. मी फोन लावला.

"अहो, चष्मा राह्यला तुमचा. वापस आणून देऊ काय?"

"राहू दे," तो म्हणाला. "मले आता नाही लागत."

चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज तेवढा कानात राहिला. रिकाम्या भिंती, पालथा पेला, पटर, कुत्र्याचं पोतं, सगळं एकदम माझ्यापुढे रांगेत उभं राहिलं. फोन ठेवू नये एवढंच कळत होतं.

"मी कुत्रा न्यायले येऊन राह्यलो," मी म्हणालो. "घरच्यांनी हो म्हटलं. निघालोच."



"बरं. ये मग."

"तुमी फाटकाशीच थांबा. तुमच्याशिवाय तो मह्या गाडीत बसणार नाही."

त्या रस्त्याने मी आजवर किती वेळा गेलो असेन, पण तो इतका लांब कधी वाटला नव्हता. पुढे कडब्याने भरलेला ट्रक होता, रस्ताभर झुकलेला, ओलांडू देईना. दोन्ही बाजूंची वावरं उघडी पडलेली, कुठे माणूस नाही. मी बायकोला फोन लावून जमेल तसं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जाऊन बसा त्यांच्यापाशी. एकटं सोडू नका."

तो फाटकाशी होता. कुत्र्याची साखळी हातात धरून, उन्हात उभा. मी गाडीतून उतरलो आणि सगळी प्रस्तावना विसरलो.

"दादा, तुमी जिवाचं काही बरंवाईट करून घेणार हाय काय?"

त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "तुले काय करायचं? तू काठ्या घ्यायले आला, घेतल्या, जाय!" त्याने साखळी माझ्या अंगावर फेकली. मी ती उचलली आणि फाटकाच्या पायरीवर बसलो. तो आत गेला. मी मागोमाग गेलो आणि व्हरांड्यात बसलो. त्याने मला शिव्या दिल्या, फोन करून पोलिसांना बोलावीन म्हणाला. बोलवा, म्हटलं. घरात काय चाललंय याचा कानोसा घेत मी तिथेच बसून राहिलो. भांड्याचा, दाराचा, पावलांचा, कसलाही आवाज आला की दाराशी जाऊन पाहायचो, आणि काहीच आवाज येईना तेव्हा हाक मारायचो.

मग तो बाहेर आला आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला. कारण त्याने तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. फक्त म्हणाला, "लय थकलो रे." आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इस्त्रीचा शर्ट घामाने चिकटला होता.

त्याची मोठी बहीण अमरावतीला असते. नंबर द्यायला त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, शेवटी मोबाइल माझ्या हातात दिला. ताई दिवस मावळायच्या आत जावयाला घेऊन पोचल्या. दारातली गाठोडी पाहून त्या खालीच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला अमरावतीला आपल्याकडे राहायला नेलं आणि डॉक्टरांना दाखवलं. मी आयर्न परत द्यायला काढले, तर त्यांनी हात जोडून गाडीतच राहू द्या म्हटलं. कुत्राही माझ्याबरोबर शेतावर आला.

पुढचे कित्येक महिने त्याने माझा फोन घेतला नाही. एकदाच घेतला, तोही हे विचारायला, "तू वापस कायले आला होता?" ताई सांगायच्या, गोळ्या सुरू आहेत, झोप लागते, कधी जेवतो कधी नाही. नागपूरला माझा खेळ चांगला होत होता, सोबतचे लोक आयर्नची तारीफ करायचे, किती स्वस्तात मिळाले म्हणून विचारायचे. मी विषय बदलायचो.

आता तो बोलतो. पूर्ण बरा झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत, ताई म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण एखाद्या सकाळी त्याचा फोन येतो, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता तो सरळ सांगतो, "आज बरं वाटून नाही राह्यलं." मग मी भावाला भाजीचं सांगतो आणि अमरावतीची एसटी धरतो.