एक बरोबरी, तीही घेतली नाही: कोल्हापूरचे दोन दिवस

मार्चमध्ये जोडून सुट्टी आली, तेव्हा मला गुहागरला जायचं होतं. समुद्राकडे तोंड केलेली खोलीही बघून ठेवली होती. एका रात्री जेवताना नवऱ्याने ताटाकडे बघत सांगितलं, "कोल्हापूरला जायला पायजे. संघ खाली जातोय." शिवा वीस वर्षं पुण्यात राहतो आणि एरवी पुण्यासारखंच बोलतो. संघाचा विषय निघाला की त्याची जीभ एकदम शिवाजी पेठेत जाऊन बसते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि बहुतेक तालमी आपापला फुटबॉल संघही पाळतात. माझ्या सासरच्या गल्लीची ती चिंचपार तालीम. लीगचे दोन गट असतात, वरचा आणि खालचा. हंगामाच्या शेवटी वरच्या गटातले तळाचे दोन संघ खाली जातात. चिंचपारने या वर्षी इतक्या नेमाने माती खाल्ली होती, की शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी झाली तरच ते वर राहणार होते. समोर होती दोन गल्ल्या पलीकडची तोफगल्ली. तिला या सामन्यात काही मिळायचं नव्हतं आणि तिचं काही जायचंही नव्हतं.

"खाली गेलो तर पुढच्या वर्षी तोफगल्लीबरोबर मॅचच न्हाय," शिवा म्हणाला. मी म्हटलं, बरंच झालं, तेवढीच शांतता. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. गुहागरची खोली सोडून दिली.

पुणे-कोल्हापूर रस्त्याबद्दल इतकंच सांगते, की उजाडायच्या आत निघा. रुंदीकरण चालू आहे आणि ते बहुधा माझ्या नातवंडांनाही बघायला मिळेल. पूल अर्धे, वळणरस्ते दीड आणि टोल मात्र पुरेपूर. साताऱ्याच्या पुढे एका चकचकीत हॉटेलात चहा घेतला. झोप उडाली, पण चहाने नाही, बिलाने. उतरायचं असेल तर शाहूपुरीत लॉज बघा. हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते आणि स्टँड जवळ पडतो. पेठेत गाडी घालू नका. आम्ही घातली, आणि ती बाहेर काढायला सहा अनोळखी माणसं सहा दिशांना हात करत होती.

आता जेवण. कोल्हापूर म्हटलं की सगळे ब्लॉगवाले तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात. माझं सासर लिंगायत, घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही. त्यामुळे मी इथं येते आणि ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि म्हशीचं दही खाऊन परत जाते. दह्याला तोड नाही. ज्यांना रस्साच हवा त्यांनी दुसरा ब्लॉग वाचावा.

थोरल्या दिरांना सगळे आप्पा म्हणतात. शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान आहे. दुकान मुलगा बघतो आणि आप्पा गेली तीस वर्षं संघ बघतात. या हंगामात त्यांनी तीन प्रशिक्षक बदलले. पहिला फार बोलतो म्हणून काढला, दुसरा काहीच बोलत नाही म्हणून, आणि तिसरा बरा होता, तो आपण होऊन गेला. बाकीचे संघ पैसे मोजून आफ्रिकेतून खेळाडू आणतात. चिंचपारचा बाहेरचा खेळाडू जवळच्याच पेठ वडगावचा, आणि तोही शेवटची बस चुकू नये म्हणून सराव अर्धा सोडून पळतो. तालमीच्या दारात हंगामाला शुभेच्छा देणारा भला मोठा फ्लेक्स लटकत होता. त्यावर नगरसेवक, माजी नगरसेवक आणि होऊ घातलेले नगरसेवक असे चाळीसेक चेहरे होते. खेळाडू सगळ्यात खाली, पासपोर्टच्या फोटोएवढे. संघ का बुडाला ते शोधायला समिती नको, तो फ्लेक्स पुरे.

संध्याकाळी दाजी आले. दाजी म्हणजे शिवाच्या अक्काचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आणि तोफगल्लीचे कट्टर. आप्पा आणि दाजी एकमेकांशी फक्त फुटबॉलवर बोलतात, तेही वर्षातून एकदा, आणि ते बोलणं लहान मुलांसमोर करण्यासारखं नसतं. त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी दाजी उंबरा ओलांडून आत आले, तेव्हा आधी लहान मुलांना मागच्या दारी पिटाळलं.

दाजींनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "आप्पा, उद्याचं टेन्शन घिऊ नगा. आमच्या पोरांशी बोललोय मी. निवांत खेळत्यात. बरोबरी करून टाकू. तुमचं भागतंय, आमचं काय जात न्हाय."

"पावणं, तुम्ही ह्या घरचं जावई हाय," आप्पा म्हणाले. "चहा घ्या, जेऊन जावा. पर आमच्या संघाला भीक घालायची न्हाय."

"भीक कुठली ओ? आहेर समजा की."

"तुमचा आहेर लग्नात घेतलाय. जर्मनचं पातेलं. गळकं निघालं."

दाजींनी बशी तशीच खाली ठेवली आणि चप्पल घालून निघून गेले. दोन दिवसांत कोल्हापुरात मी ऐकलेलं एकमेव शहाणं बोलणं दाजींचं होतं, आणि ते बोलणाऱ्याला चहाही पिऊ दिला नाही. मी शिवाला म्हटलं, घ्यायची ना बरोबरी, कुणाला कळणार होतं? तो म्हणाला, "सगळ्या पेठेला." जसं काही पेठेला दुसरा उद्योगच नाही. खरोखरच नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायलं. फेसाची मिशी आलेल्या माझ्या फोटोला शिवा एकदाही हसला नाही. नंतर मिसळ खाल्ली, शंभराच्या आसपास. कट मागाल तेवढा देतात, पण मागताना उद्याचा विचार करा. देवळात रांग मोठी होती. माझ्या पुढचे दोघेही देवीकडे फुटबॉलचंच मागणं घेऊन आले होते, एक चिंचपारचा आणि एक तोफगल्लीचा. देवीची मला दया आली.

स्टेडियमचं तिकीट सिनेमाच्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त आहे. बायकांनी टोपी, पाणी आणि कानात कापूस घेऊन जावं. अक्का आली नव्हती. या सामन्याला ती कधीच येत नाही. माहेर जिंकलं तर सासरी तोंडं वाकडी आणि सासर जिंकलं तर माहेरी, म्हणून त्या दिवशी ती सरळ देवळात जाऊन बसते. या कुटुंबातलं डोकं कुणाकडे आहे ते यावरून समजावं.

खेळाबद्दल काय सांगू? पहिला अर्धा वेळ चेंडू आकाशात होता. खाली यायचा तेव्हा दोन्हीकडचे खेळाडू दचकायचे. दुसऱ्या अर्ध्यातही शून्य-शून्य. शेवटची दहा मिनिटं उरली आणि तोफगल्लीची पोरं चेंडू आपल्याच हद्दीत इकडून तिकडे ढकलू लागली. नाही म्हटलं तरी दाजींचा शब्द त्यांनी पाळला होता. चिंचपार आता फक्त उभं राहिलं असतं, तरी वर राहिलं असतं. शिवाने माझा हात धरला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच. मीही मनातल्या मनात म्हटलं, संपव रे बाबा लवकर.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "आहेर!" मी तो आवाज ओळखला. रात्रभर अपमान उराशी घेऊन बसलेले दाजी उभे होते, दोन्ही हातांचा कर्णा करून. "आहेर घ्या, आहेर!" पन्नास जणांनी तो उचलला, मग सगळ्या गॅलरीने. टाळ्यांच्या ठेक्यावर आहेर, आहेर. मग आमच्या बाजूचेही उठले, पण ते आपल्याच संघावर. "खेळा की! लाज वाटती काय?" माझ्या शेजारी बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ, दिसायला निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी कप्तानाच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

आप्पा मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी एकदा समोरच्या गॅलरीकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर करून सगळा संघ पुढे हाकलला. बचाव पुढे गेला, कॉर्नर मिळाला तर गोलकीपरही पुढे गेला. कॉर्नर तोफगल्लीच्या पायात पडला आणि त्यांचा एक पोरगा रिकाम्या मैदानातून एकटाच धावत सुटला. जाळ्याजवळ पोचला तेव्हा तो क्षणभर थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं, कुणी अडवायला येतंय का. कुणी आलं नाही. मग त्याने चेंडू आत ढकलला.

शिवा रडला, सरळ लिहिते. मला त्याची दया आली आणि रागही आला, कारण हे दुःख कुणी लादलेलं नव्हतं, हाताने ओढून आणलेलं होतं. समोर फटाक्यांची एक माळ लागली आणि ती संपेपर्यंत तिकडची गॅलरीही थंड झाली. दाजी कर्णा केलेले हात तसेच तोंडाजवळ धरून उभे होते. मग ते खाली बसले.

रात्री आप्पा रोजच्यासारखे जेवले. "मागून घेतलं न्हाय," ते म्हणाले. जेवायला बसलेल्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, पण खाली गेलात ना?"

"गेलो की. सरळ गेलो."

या तोऱ्याची भाकरीबरोबर चटणी होत नाही, हे मी बोलले नाही, कारण मला सकाळी गाडी बाहेर काढायला माणसं हवी होती. पण भांडी आवरताना आप्पा मागच्या पायरीवर एकटेच बसलेले दिसले. अक्का दही घेऊन आली होती, तिला त्यांनी एवढंच विचारलं, "पावणं जेवलं का?" ती म्हणाली, न्हाय.

परतीच्या वाटेवर कराड मागे पडलं. शिवा म्हणाला, "आप्पांच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, बरोबरी घेतली असती, दाजींना जेवायला वाढलं असतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा शिव्या दिल्या असत्या. त्याने काच खाली केली. वाचकांनी सांगावं माझं काय चुकलं. घरी येऊन महिना होत आला तरी मला सापडलेलं नाही. दोन शहाण्या म्हाताऱ्यांनी एका संध्याकाळी आणि एका दुपारी मिळून आपल्या आयुष्यातला एकुलता एक सामना स्वतःच्या हाताने बंद पाडला. कोल्हापूरहून आणलेलं भडंग संपलं, ही चीड संपली नाही.

परवा अक्काचा फोन आला. खालच्या गटातल्या संघांची काहीतरी किरकोळ स्पर्धा लागली आहे. सामने भर दुपारी, बघायला चिटपाखरू नाही. चिंचपारचा सामना उपनगरातल्या कुठल्याशा नव्या संघाशी होता.

"ह्ये जेवण टाकून गेलते," ती म्हणाली. "समोरच्या गॅलरीत एकटंच बसलं. आन् पहिल्या मिनिटापासनं चिंचपारला शिव्या. त्या नव्या पोरांस्नी कळंना, ह्यो म्हातारा आपला का कुणाचा."

"आणि आप्पा?"

"आप्पा काय? हाफ टाइमाला राखीव गोलकीपरला पाण्याची बाटली दिऊन वर धाडला. म्हणाला, पावण्याचा घसा बसला तर दुसऱ्या हाफात आमाला शिव्या कोण देणार?"

दाजींनी बाटली रिकामी केली म्हणे, आणि दुसरा हाफ उभं राहून काढला.